पाव फेरा

शाळेतून तपासणीचा कागद आला.
एकच ओळ : वरचा जबडा अरुंद, लवकर दाखवावे.
मी तो फेरीबोटीच्या केबिनमध्ये, डिझेलच्या वहीत ठेवला
आणि आठवडाभर विसरलो.
सात वर्षांची पोर. निम्मे दात अजून दुधाचे.
आमच्याकडे पडलेला दात कौलांवर टाकतात,
उरलेले देवाच्या हवाली.

सुलक्षा म्हणाली, तुझेही दिले होते की देवाच्या हवाली.
मग काही बोलली नाही.
भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो आहे, सगळे हसतायत,
मी तेवढा ओठ मिटून,
जणू तोंडात कुणाची सुटी नाणी.

पणजीत, मळ्यात, अरुंद जिन्यावर दुसरा मजला,
डॉक्टर झेल्मा रिबेलो.
"चाव गो बाय, मागच्या दातांनी."
मैथिलीने चावलं, आणि खालचा जबडा
किंचित डावीकडे सरकून बसला,
धक्क्याचा अंदाज चुकला की
रॅम्प जसा एका कोपऱ्यावर टेकतो.
हे मला पाण्यावर लगेच दिसतं.
सात वर्षं समोर बसून जेवत होती, तेव्हा दिसलं नाही.

मी विचारलं, सगळे दात येऊ देत की, मग बघू?
तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सैल अडकवली.
"टाळू अशी, दोन भागांची. अजून सांधा कच्चा आहे,
आत्ता हळूच सांगितलं तर ऐकेल. पुढे…"
आणि बोटं आवळली.
सगळ्या मुलांना लागतंच असं नाही, म्हणाली,
काहींना मी नुसती बघते, वर्षाने या म्हणते.
आणि हिला बाराव्या वर्षी तारा लागणारच नाहीत
असं वचनही देत नाही.
पैसे दोन हप्त्यांत चालतील.

परतताना रायबंदरला ओहोटी होती.
मांडवी समुद्राकडे ओढत असते तेव्हा
नाक धक्क्यावर रोखून चालत नाही,
आधीच वर धरावं लागतं, प्रवाहाच्या तोंडावर.
स्कूटरवाल्यांना वाटतं मास्तर भलतीकडे नेतोय.
त्या दिवशी मी प्रवाशांत उभा होतो,
आणि मलाही तसंच वाटलं.

रात्री जेवणं झाली की दिव्याखाली ती आ करते.
चावी टाचणीएवढी, गिळू नये म्हणून दोरा बांधलेला.
टाळूतल्या बारीक भोकात घालायची,
मागे ढकलायची. पाव फेरा. बस्स.
माझ्या हातांना सुकाणूची सवय,
पहिल्या रात्री घाम फुटला.
"दुखलं?"
"नाकात कोणीतरी ढकललं."
कॅलेंडरवर एक फुली.

बाराव्या फुलीला पुढच्या दोन दातांत फट पडली.
सुलक्षाने घाबरून फोन लावला.
डॉक्टर म्हणाली, मग बरोबर चाललंय.
आता साताच्या पाढ्यात प्रत्येक 'स' शीळ घालतो,
बाई वर्गात हसू आवरतात.
बोडगेश्वराच्या जत्रेत खाजें बंद,
तरी तिने वरचा आल्या-गुळाचा थर चोखला
आणि उघडी काडी माझ्या हातात दिली.
मी ती उजव्या बाजूने खाल्ली.
डावीकडून मला चावता येत नाही,
हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

काल चावी फिरवून झाल्यावर
तिने माझ्या हातून टॉर्च घेतला.
"चाव बाबा, मागच्या दातांनी."
मी चावलं. ओठ बोटांनी बाजूला करून
तिने खूप वेळ पाहिलं, मान हलवली,
अगदी झेल्माबाईंसारखी.
"उशीर झाला."
मग थोडा विचार करून,
"पण पाव खाता येतो ना?"
येतो.
"मग असू दे,"
म्हणाली, आणि फुली मारायला पेन शोधू लागली.